पोप तेरावे ग्रेगरी : दिनदर्शिकेतून दहा दिवस वगळणारे कायदेपंडित

आपल्या घरातील भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेला ग्रेगोरियन दिनदर्शिका म्हणतात, हे शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. सामान्यज्ञानाच्या स्पर्धांतही हा प्रश्न हमखास विचारला जातो. परंतु ज्या पोपमहोदयांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या तेराव्या ग्रेगरी यांच्याविषयीची आपली माहिती बहुधा येथेच संपते, आणि उरलेली जागा गैरसमजांनी भरून निघते. इसवी सन त्यांनी सुरू केला, असे काहींना वाटते. नाताळची २५ डिसेंबर ही तारीख त्यांनी ठरविली, असे दुसरे सांगतात. १ जानेवारीला वर्षारंभ करण्याची प्रथा त्यांनीच पाडली, असेही छापून आलेले आढळते. यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. इसवी सनाची गणना सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिगस या मठवासी विद्वानाने मांडली. रोममध्ये २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्माचा सण चौथ्या शतकापासून साजरा होत होता. १ जानेवारीच्या वर्षारंभाची आज्ञा फ्रान्सच्या राजाने १५६४ सालीच काढली होती.

मग पोप ग्रेगरी यांनी नेमके केले काय? त्यांनी ईस्टरचा सण त्याच्या ऋतूत परत आणला. दिनदर्शिकेत दुरुस्ती झाली ती त्या एका कारणासाठी. बाकी सारे त्याच्या ओघाने आले.

त्यांचे मूळ नाव उगो बोनकोम्पान्यी. इटलीतील बोलोन्या या नगरात १५०२ साली त्यांचा जन्म झाला. बोलोन्याचे विद्यापीठ युरोपातील सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक आणि कायद्याच्या शिक्षणासाठी सर्वत्र नावाजलेले. उगो तेथेच कायदा शिकले, १५३० साली पदवीधर झाले आणि काही वर्षे तेथेच अध्यापनही केले. पुढे ते रोमला आले आणि पोप तिसरे पॉल यांच्या कारकिर्दीत न्यायाधीश व पोपच्या कार्यालयातील कायदेतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. खगोलशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. गणिती म्हणूनही त्यांची ख्याती नव्हती. कागद वाचणे, पुरावा पाहणे, दोन्ही बाजू ऐकणे आणि निर्णय लेखी देणे, हा त्यांचा पिंड होता. त्यांच्या पुढील आयुष्यातील यश आणि अपयश या दोहोंचे मूळ या स्वभावात सापडते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट पूर्वीचे चरित्रकार टाळत असत. १५४८ साली, म्हणजे बिशपपदाची दीक्षा मिळण्याच्या दहा वर्षे आधी, त्यांना एक मुलगा झाला. त्याचे नाव जाकोमो. उगो यांनी त्याला नाकारले नाही, आपले नाव दिले आणि त्याचे पालनपोषण केले. पोप झाल्यावर त्याला रोममधील संत अँजेलो किल्ल्याचा अधिकारी नेमले आणि पोपच्या सैन्यात मानाचे पदही दिले. मात्र राज्यकारभाराच्या निर्णयांत त्यांनी त्याची ढवळाढवळ फारशी चालू दिली नाही. त्या काळातील इतर उदाहरणांशी तुलना केली तर हा संयम लहान नव्हे, पण मुलाला पदे मिळाली ती पित्यामुळेच, हेही तितकेच खरे.

ट्रेंटच्या विश्वपरिषदेत त्यांनी कायदेपंडित म्हणून भाग घेतला. १५६३ साली समाप्त झालेल्या या परिषदेच्या अखेरच्या सत्रात ते बिशप म्हणून उपस्थित होते आणि परिषदेचे ठराव निर्दोष शब्दांत उतरविण्याच्या कामी त्यांचा उपयोग झाला. १५६५ साली पोप चौथे पायस यांनी त्यांना कार्डिनल केले आणि त्याच वर्षी आपला प्रतिनिधी म्हणून स्पेनला पाठविले. तेथे राजा दुसरा फिलिप याचा विश्वास त्यांनी संपादन केला. याच काळात संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या सहवासाने त्यांचे खाजगी जीवन अधिक कडक आणि प्रार्थनामय झाले, असे चरित्रकार नमूद करतात.

१ मे १५७२ रोजी पोप पाचवे पायस यांचे निधन झाले. त्यानंतरची निवडणूक दोन दिवसही चालली नाही. १३ मे रोजी सत्तर वर्षांच्या कार्डिनल बोनकोम्पान्यी यांची निवड झाली आणि थोर पोप पहिले ग्रेगरी यांच्या स्मरणार्थ त्यांनी ग्रेगरी हे नाव घेतले. सत्तरीतील माणूस फार काळ राहणार नाही, असा अंदाज निवड करणाऱ्यांपैकी अनेकांनी बांधला असल्यास नवल नाही. ते तेरा वर्षे राहिले.

कारकिर्दीचा आरंभ मात्र एका काळ्या घटनेशी जोडला गेला. २४ ऑगस्ट १५७२, संत बर्थोलोम्यूच्या सणाच्या दिवशी, पॅरिसमध्ये प्रोटेस्टंट पंथीयांची कत्तल सुरू झाली. ती पुढे फ्रान्सच्या अन्य शहरांत पसरली आणि हजारो माणसे मारली गेली. रोमला बातमी पोहोचली ती राजाविरुद्धचा कट मोडून काढल्याची, अशा स्वरूपात. पोप ग्रेगरी यांनी उपकारस्तुतीचे स्तोत्र म्हणविले, त्या प्रसंगाचे पदक पाडविले आणि व्हॅटिकनच्या दरबारी दालनात जॉर्जो वासारी या चित्रकाराकडून भित्तिचित्रे काढवून घेतली. ती चित्रे आजही तेथे आहेत. बातमी एकतर्फी होती, हे खरे आहे. परंतु दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल न देणाऱ्या न्यायाधीशाने या वेळी दुसरी बाजू ऐकण्याची वाट पाहिली नाही, हेही खरे आहे. दिनदर्शिकेच्या थोरवीने ही नोंद पुसली जात नाही. शिवाय पुढे प्रोटेस्टंट देशांनी दिनदर्शिकेची दुरुस्ती दीर्घकाळ नाकारली, त्यामागे रोमविषयीचा जो अविश्वास होता, तो वाढविण्यात अशा घटनांचा वाटा होता.

आता ईस्टरकडे वळू. ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हटकून विचारतात. प्रभूचे दुःखसहन व पुनरुत्थान वल्हांडण सणाच्या सुमारास घडले आणि तो सण चांद्रमासावर चालतो. म्हणून वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार, असा नियम ख्रिस्तसभेत रूढ झाला. वसंतसंपात म्हणजे दिवस आणि रात्र समसमान होण्याचा मार्चमधील दिवस. हा संपूर्ण नियम ३२५ सालच्या नायसिया परिषदेनेच शब्दशः घालून दिला, असे समजले जाते, पण तेही पूर्णपणे बरोबर नाही. सर्व ख्रिस्ती लोकांनी हा सण एकाच रविवारी पाळावा, असा त्या परिषदेचा निर्णय होता. आकडेमोडीची पद्धत नंतर अलेक्झांड्रियाच्या विद्वानांकडून सर्वत्र पसरली आणि तिच्यात संपाताचा दिवस २१ मार्च असा पक्का धरला गेला. आपल्याकडील पंचांगाशी ताडून पाहिले तर बहुतेक वर्षी ही पौर्णिमा म्हणजे चैत्र पौर्णिमाच असते.

अडचण निर्माण झाली ती सूर्यामुळे. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ साली अमलात आणलेली दिनदर्शिका ३६५ दिवस आणि ६ तासांचे वर्ष धरून चालत होती, म्हणून दर चार वर्षांनी एक लीप वर्ष. प्रत्यक्षात ऋतूंचे वर्ष ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटे आणि सुमारे ४६ सेकंदांचे आहे. फरक अवघा ११ मिनिटांचा. तेवढ्या वेळात आपला एक कप चहाही धड पिऊन होत नाही. पण सुमारे १२८ वर्षांत त्याचा पूर्ण एक दिवस होतो आणि सोळाव्या शतकापर्यंत खरा वसंतसंपात २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊ लागला होता. चंद्राच्या कोष्टकांतही चूक साठली होती. कागदावरची पौर्णिमा आकाशातील पौर्णिमेनंतर चारेक दिवसांनी येत होती. परिणामी काही वर्षी प्रायश्चित्तकाळ, गुड फ्रायडे आणि ईस्टर हे सारेच चुकीच्या वेळी साजरे होत होते. याच गतीने आणखी काही शतके गेली असती, तर ईस्टरचा सण हळूहळू उन्हाळ्याकडे सरकला असता.

ही चूक पोप ग्रेगरी यांच्या आधी कुणाच्या लक्षात आली नव्हती, असे मुळीच नाही. फ्रान्सिस्कन संघाचे विद्वान रॉजर बेकन यांनी तेराव्या शतकातच पोपमहोदयांना याविषयी कळकळीने लिहिले होते. पोप चौथे सिक्स्टस यांनी १४७५ साली रेजिओमोंटानस या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला या कामासाठी रोमला बोलावले, पण तो दुसऱ्याच वर्षी तेथे मरण पावला. पोप दहावे लिओ यांनी पाचव्या लॅटरन परिषदेच्या काळात विद्वानांची मते मागविली. ज्यांच्याकडे विचारणा झाली त्यांत कोपर्निकसही होते. सूर्य आणि चंद्र यांच्या गतीचे मोजमाप अजून पुरेसे अचूक नाही, अशी त्यांची अडचण होती. सुमारे तीनशे वर्षे विषय निघत राहिला आणि पुढे ढकलला जात राहिला. ट्रेंटच्या परिषदेने मिस्सा व प्रार्थनापुस्तकाच्या सुधारणेचे काम पोपवर सोपविले, तेव्हा दिनदर्शिकेचे कामही त्यासोबत आले.

पोप ग्रेगरी यांनी ते हाती घेतले, एक समिती नेमली आणि ते काम पूर्ण होईपर्यंत सोडले नाही. कार्डिनल गुग्लिएल्मो सिर्लेतो हे तिचे प्रमुख. सभासदांत बाम्बेर्ग येथे जन्मलेले येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लॅव्हियस होते, पेरुजाचे डॉमिनिकन धर्मगुरू व नकाशातज्ज्ञ इग्नात्सियो दांती होते आणि अरबी खगोलविद्येची जाण असलेले सिरियन परंपरेतील अँटिओकचे पॅट्रिआर्क इग्नेशियस निमतल्लाह हेही होते. समितीपुढे जो आराखडा निर्णायक ठरला, तो मात्र यांपैकी कुणाचाच नव्हता. तो दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतातल्या चिरो गावच्या अलॉयसियस लिलियस नावाच्या वैद्याने तयार केला होता. लिलियस १५७६ साली वारले. त्यांचे हस्तलिखित त्यांचे बंधू अँटोनियो यांनी समितीला सादर केले. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत या वैद्याचे नाव क्वचितच आढळते. दिनदर्शिकेला त्यांचे नाव मिळाले असते तर ते अन्यायाचे ठरले नसते.

लिलियस यांची युक्ती साधी होती आणि म्हणूनच ती टिकली. दर चौथे वर्ष लीप वर्ष, हा सीझरचा नियम तसाच ठेवायचा. मात्र शतकपूर्तीच्या वर्षांपैकी ज्यांना ४०० ने भाग जातो तेवढीच लीप वर्षे धरायची. त्यानुसार १६०० आणि २००० ही लीप वर्षे झाली, तर १७००, १८०० आणि १९०० ही झाली नाहीत. २१०० हे वर्षही लीप वर्ष असणार नाही. म्हणजे चारशे वर्षांत शंभराऐवजी सत्त्याण्णव लीप वर्षे. वर्षाची सरासरी लांबी ३६५.२४२५ दिवस झाली आणि चूक ११ मिनिटांवरून अर्ध्या मिनिटाच्याही खाली आली. चंद्रासाठी त्यांनी नववर्षाच्या आरंभी चंद्र किती दिवसांचा आहे, यावर आधारलेली नवी कोष्टके दिली आणि त्यांत ठरावीक शतकांनी दुरुस्ती करण्याची सोय ठेवली. तिथी पाहण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना ही पद्धत फारशी परकी वाटू नये.

१५७७ साली या आराखड्याचा सारांश छापून कॅथोलिक राजे आणि विद्यापीठे यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठविण्यात आला. उत्तरे येत गेली आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. दहा दिवस एकदम वगळावेत की चाळीस वर्षे लीप वर्षेच न धरता ते हळूहळू संपवावेत, यावरही वाद झाला. पोपमहोदयांनी सर्व अभिप्राय समितीपुढे ठेवले आणि एकदम वगळण्याच्या बाजूने निर्णय दिला. दरम्यान व्हॅटिकनमध्ये वाऱ्यांचा मनोरा नावाची वास्तू उभी राहिली. तिच्या एका दालनात दांती यांनी जमिनीवर मध्यान्हरेषा आखली. भिंतीतील छिद्रातून येणारा सूर्यकिरण त्या रेषेवर पडतो आणि त्याच्या जागेवरून सूर्याची वर्षातील स्थिती कळते. संपाताच्या अपेक्षित दिवशी किरण भलतीकडेच पडल्याचे पोपमहोदयांनी स्वतः पाहिले आणि त्यांची खात्री पटली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, मनोरा आणि ती रेषा आजही आहेत. व्हॅटिकनची वेधशाळा आपला इतिहास सांगताना आरंभ येथूनच करते.

२४ फेब्रुवारी १५८२ रोजी रोमजवळच्या फ्रास्काती येथील मुक्कामात आज्ञापत्रावर शिक्कामोर्तब झाले. गंमत अशी, की त्या पत्रावर वर्ष १५८१ असे लिहिलेले आहे. कारण पोपच्या कार्यालयात अशा पत्रांवरील वर्ष २५ मार्चला, म्हणजे देवदूताच्या संदेशाच्या सणाला, बदलत असे. नव्या वर्षारंभाची प्रथा या पत्राने पाडली नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा?

पत्राचा मजकूर वाचला म्हणजे तो खगोलशास्त्रज्ञाने नव्हे, तर न्यायाधीशाने काढला आहे हे ध्यानात येते. ४ ऑक्टोबर १५८२, गुरुवार, या दिवसानंतरचा दिवस १५ ऑक्टोबर, शुक्रवार धरावा, असे त्यात फर्मावले आहे. ऑक्टोबर निवडला, कारण त्या दिवसांत मोठे सण कमी. असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण ४ तारखेला नेहमीप्रमाणे व्हावा आणि वगळलेल्या दिवसांतील संतांचे सण पुढील दिवसांवर न्यावेत, अशी व्यवस्था केली. भाडे, व्याज, कर्जफेड यांच्या मुदती या दहा दिवसांनी अलीकडे येऊन कुणाचे नुकसान होऊ नये, म्हणून न्यायाधीशांनी मुदतीत दहा दिवस मिळवून द्यावेत, अशी तरतूदही त्यात आहे. तेव्हा दहा दिवसांचे आयुष्य किंवा दहा दिवसांची मजुरी लुबाडली गेली, हा आक्षेप निराधार ठरतो. सूर्य नेहमीप्रमाणे उगवला आणि वारांचा क्रमही तुटला नाही. बदलले ते दिवसांना दिलेले क्रमांक.

या दहा दिवसांच्या सांध्यावर एका थोर संत स्त्रीचे नाव कोरले गेले आहे. आविलाच्या संत तेरेजा यांचे स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस येथे ४ ऑक्टोबरच्या रात्री निधन झाले आणि दुसरी सकाळ उजाडली ती १५ ऑक्टोबरची. त्यांचा सण आपण १५ ऑक्टोबरला पाळतो, तो यामुळे. त्यांनी सुधारलेल्या कार्मेलाइट मठांना स्वतंत्र प्रांत म्हणून मान्यता देणारे आज्ञापत्रही १५८० साली पोप ग्रेगरी यांनीच दिले होते.

स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीचा बहुतेक भाग यांनी ठरल्या दिवशी बदल केला. फ्रान्सने डिसेंबरमध्ये केला. आपल्याकडे वसई आणि गोवा हे प्रदेश तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होते आणि १५८० पासून पोर्तुगालचा राजाही दुसरा फिलिपच होता. परंतु लिस्बनहून जहाज यायला सहा-सहा महिने लागण्याचा तो काळ. दूरच्या वसाहतींत नवी गणना पोहोचायला साहजिकच अधिक वेळ लागला. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात कॅथोलिक व प्रोटेस्टंट नागरिकांत यावरून दंगल उसळली. कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क दुसरे जेरेमिया यांनी नवी गणना नाकारली. हिशेब करून पाहिले तर १५८३ साली जुन्या आणि नव्या दोन्ही गणनांनुसार ईस्टर एकाच रविवारी आला. परंतु १५८४ साली नव्या गणनेने तो १ एप्रिलला साजरा झाला आणि जुनी गणना पाळणाऱ्यांचा ईस्टर तब्बल चार आठवड्यांनी आला. एकाच शहरात एका घरी उपवास आणि शेजारच्या घरी मेजवानी, असा प्रकार. सर्वांनी सण एकाच रविवारी पाळावा, हा नायसियाचा हेतू होता. त्याच हेतूने केलेल्या दुरुस्तीमुळे निदान काही शतके ख्रिस्ती जगात दोन ईस्टर झाले.

प्रोटेस्टंट जर्मन राज्ये १७०० साली आणि इंग्लंड १७५२ साली नव्या गणनेत आले. इंग्लंडला दहाऐवजी अकरा दिवस वगळावे लागले, कारण मधल्या काळात १७०० हे वर्ष येऊन गेले होते. आमचे अकरा दिवस परत द्या, अशी मागणी करीत लोकांनी तेव्हा दंगली केल्या, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. अशा दंगलींचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. विल्यम होगार्थ या चित्रकाराने निवडणुकीवर काढलेल्या एका उपरोधिक चित्रात ती घोषणा असलेला फलक दिसतो, आणि बहुधा तेथूनच हा समज पसरला. रशियाने १९१८ साली नवी गणना स्वीकारली. म्हणूनच तेथील ऑक्टोबर क्रांतीचा दिवस नोव्हेंबरमध्ये येतो. रशियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा अजूनही नाताळ जुन्या २५ डिसेंबरला पाळते, जो आपल्या ७ जानेवारीला येतो. २१०१ सालापासून तो ८ जानेवारीला येईल.

दोन गणना एकत्र वापरल्याने चांगल्या चांगल्या पुस्तकांतही घोटाळे झाले आहेत. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ रोजी, वारले असे सांगितले जाते. इंग्लंडची २३ एप्रिल म्हणजे स्पेनची ३ मे. गॅलिलिओ ज्या वर्षी गेले त्याच वर्षी नाताळच्या दिवशी न्यूटन जन्मले, हा दाखलाही तसाच. इंग्लंडात नाताळ होता खरा, पण गॅलिलिओंच्या इटलीत तो दिवस ४ जानेवारी १६४३ होता. आपल्याकडचा गैरसमज थोडा निराळा आहे. मकरसंक्रांत नेहमी १४ जानेवारीलाच येते, असे आपण धरून चालतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला आणि ती तारीख १२ जानेवारी १८६३ होती. पंचांगातील सौरवर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजले जाते आणि ते ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसहून अधिक मिनिटांनी मोठे असते. म्हणून संक्रांत हळूहळू पुढे सरकते आणि अलीकडे अनेकदा १५ जानेवारीला येते. सीझरची दिनदर्शिका ऋतूंपासून जशी दूर जात होती, तसाच हा प्रकार.

दिनदर्शिकेच्या तेजामुळे पोप ग्रेगरी यांचे दुसरे मोठे काम झाकले जाते, आणि ते शिक्षणाचे होते. धर्मगुरूंना उत्तम शिक्षण मिळाल्याशिवाय ट्रेंटचे ठराव कागदावरच राहतील, अशी त्यांची धारणा होती. रोममधील येशूसंघाच्या महाविद्यालयासाठी त्यांनी भव्य इमारत बांधून दिली. ते पुढे त्यांच्याच नावाने ग्रेगोरियन विद्यापीठ म्हणून प्रसिद्धीस आले. जर्मन, ग्रीक, इंग्लिश आणि मारोनाइट विद्यार्थ्यांसाठी रोममध्ये स्वतंत्र महाविद्यालयांची त्यांनी स्थापना केली किंवा त्यांना भक्कम आधार दिला. संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीला १५७५ साली मान्यता दिली. १५७६ साली मकाऊ आणि १५७९ साली मनिला हे धर्मप्रांत स्थापन केले. गोव्याहून येशूसंघीयांचे पहिले पथक १५८० साली सम्राट अकबराच्या फत्तेपूर सिक्री येथील दरबारात पोहोचले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

या सर्वांना पैसा लागला आणि तो पुरेना. येथे त्यांच्यातील कायदेपंडित पुन्हा पुढे आला, पण या वेळी त्याचा परिणाम चांगला झाला नाही. पोपच्या राज्यातील सरदारांच्या जमिनींची जुनी कागदपत्रे तपासायला लावून, ज्यांच्या हक्कात त्रुटी सापडली त्यांची इस्टेट सरकारजमा करण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. प्रत्यक्षात दुखावलेल्या सरदारांनी लुटारूंच्या टोळ्यांना आश्रय दिला आणि त्यांच्या अखेरच्या वर्षांत रोमच्या परिसरातील वाटा असुरक्षित झाल्या. रिकामा खजिना आणि लुटारूंचा सुळसुळाट, ही दोन्ही ओझी त्यांनी आपल्या वारसाच्या, पोप पाचवे सिक्स्टस यांच्या, खांद्यावर ठेवली.

२० फेब्रुवारी १५८२ रोजी, दिनदर्शिकेच्या आज्ञापत्रावर शिक्का उमटण्याच्या अवघे चार दिवस आधी, जपानमधील नागासाकी बंदरातून चार किशोरवयीन ख्रिस्ती मुलगे रोमला जाण्यासाठी निघाले होते. मान्सियो इतो, मिगुएल चिजिवा, जुलियन नाकाउरा आणि मार्तिन हारा अशी त्यांची नावे. मकाऊ, गोवा, लिस्बन आणि माद्रिद असा प्रवास करीत त्यांना रोम गाठायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. २३ मार्च १५८५ रोजी पोप ग्रेगरी यांनी त्यांची भेट घेतली. त्र्याऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाने मुलांना उराशी धरले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले, असे त्या वेळच्या वृत्तान्तात नमूद आहे. त्या मुलांपैकी जुलियन नाकाउरा पुढे येशूसंघीय धर्मगुरू झाले आणि १६३३ साली नागासाकी येथेच हुतात्मा झाले. त्याच शहरात १५९७ साली वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनीही क्रूसावर प्राणार्पण केले होते.

मुलांच्या भेटीनंतर तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, १० एप्रिल १५८५ रोजी, पोप तेरावे ग्रेगरी यांचे निधन झाले. प्रायश्चित्तकाळ चालू होता. त्यांच्या नव्या कोष्टकांनुसार त्या वर्षीचा ईस्टर २१ एप्रिलला येणार होता. जपानी मुले अजून रोममध्येच होती आणि नव्या पोपच्या राज्यारोहणाला ती उपस्थित राहिली.

रोममधील संत पीटरच्या महामंदिरात त्यांची समाधी आहे. आज दिसणारे स्मारक कामिल्लो रुस्कोनी या शिल्पकाराने १७२३ साली पूर्ण केले. खाली बोनकोम्पान्यी घराण्याचे चिन्ह असलेला पंखवाला सर्प डोके वर काढतो आहे आणि संगमरवरी पेटीच्या दर्शनी बाजूवर नवी दिनदर्शिका जाहीर होण्याचा प्रसंग कोरलेला आहे. तो दगडात कोरला जात असताना इंग्लंडमधील तारखा अजून अकरा दिवस मागेच चालल्या होत्या.